फॉलिंग फिल्म इव्हॅपोरेटर: ट्यूबमधल्या रसाच्या फिल्मबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॉलिंग फिल्म इव्हॅपोरेटर उसाचा रस आटवतो. साखर कारखान्याच्या बॉइलिंग हाऊसमध्ये काम करणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. आकडे ठिकठिकाणी एकाच उदाहरणावर बेतले आहेत: ३,००० चौ. मी. तापपृष्ठाची बॉडी (अशी पात्रं ओळीने जोडलेली असतात आणि रस त्यांतून घट्ट होत जातो), ४५ मिमी बाहेरच्या व्यासाच्या आणि १.२ मिमी जाडीच्या स्टेनलेस ट्यूब, लांबी १० मी. आतला व्यास ४२.६ मिमी, म्हणजे आतला परीघ १३.४ सेमी. अशा सुमारे २,२४० ट्यूब होतात. तुमच्या बॉडीची मापं वेगळी असली, तर त्याच रीतीने हिशेब मांडा.

फिल्म म्हणजे नेमकं काय? ट्यूब रसाने भरलेली नसते का?

नसते. रॉबर्ट बॉडीत (जुन्या पद्धतीच्या इव्हॅपोरेटरमध्ये) ट्यूबमध्ये रस उभा असतो आणि खालून उकळत वर उसळतो. फॉलिंग फिल्ममध्ये रस वरून सोडतात. तो ट्यूबच्या आतल्या भिंतीला चिकटून पातळ थराने खाली उतरतो, आणि मधली पोकळी व्हेपरसाठी, म्हणजे रसातून निघणाऱ्या वाफेसाठी, मोकळी राहते. बाहेरून स्टीम कंडेन्स होते, तिची उष्णता भिंतीतून थरात येते आणि थराच्या मोकळ्या पृष्ठावरून पाण्याची वाफ निघते. एकाच ट्यूबमध्ये भिंतीलगत द्रव आणि मध्ये वाफ असा हा दुपदरी प्रवाह आहे.

या बॉडीत सगळ्या ट्यूब मिळून आतली पोकळी सुमारे ३२,००० लिटरची भरते. चालू असताना भिंतींवर रस असतो जेमतेम १,२०० लिटर. तेवढ्या रसावर ३,००० चौ. मी. पृष्ठाचं काम चालतं.

थराची जाडी किती असते?

विल्हेल्म नुसेल्ट यांनी १९१६ मध्ये मांडलेलं गणित अजूनही पहिल्या अंदाजाला पुरतं. कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटीला (व्हिस्कॉसिटी ÷ घनता) दर मीटर परिघामागच्या प्रवाहाने (घनमीटर प्रति सेकंद) गुणा, त्याला ३ ने गुणा, गुरुत्व त्वरणाने (९.८१) भागा आणि घनमूळ काढा. उत्तर मीटरमध्ये येतं.

पहिल्या बॉडीतला गरम, पातळ रस असेल तर जाडी ०.३५ ते ०.४५ मिमी येते. शेवटच्या बॉडीत ६० ब्रिक्सचं (वजनाने ६० टक्के विरघळलेले घन पदार्थ असलेलं) सिरप ६० अंशांना असेल आणि प्रवाह तेवढाच ठेवला, तर सुमारे १ मिमी.

घनमूळ असल्यामुळे प्रवाह दुप्पट केला तरी जाडी फक्त २६ टक्के वाढते. पंपाचा व्हॉल्व्ह जास्त उघडला म्हणून थर फार जाड होऊन उष्णता अडेल, ही भीती त्यामुळे फारशी खरी नाही. जास्त पंपिंगचे तोटे आहेत, पण ते वेगळे; ते पुढे दिले आहेत.

हा थर गुळगुळीत उतरतो का?

क्वचितच. रेनॉल्ड्स अंक (दर मीटर परिघामागचा वस्तुमान-प्रवाह × ४ ÷ व्हिस्कॉसिटी) ३० च्या खाली असेल तरच थर सपाट राहतो. त्यापुढे लाटा उठतात आणि १,६०० ते १,८०० च्या वर थर टर्ब्युलंट होतो. पहिल्या बॉडीत हा अंक ४,००० च्या आसपास असतो, सिरपच्या बॉडीत २०० च्या घरात. पावसात रस्त्याच्या उतारावर पाणी एकामागून एक पट्ट्यांनी घसरत जातं, तसंच ट्यूबमध्ये चालतं. लाट पुढे गेली की मागे पातळ पदर राहतो आणि उष्णता त्या पातळ पदरातून भराभर पार होते. लाटांमुळे सपाट थराच्या हिशेबापेक्षा काम जास्त होतं. पण थर फाटायला सुरुवात होते तीही त्याच पातळ पदरात.

रॉबर्ट बॉडी चांगली चालत असताना हे कशासाठी?

मुख्य कारण म्हणजे रसाच्या उभ्या स्तंभाचा दाब. शेवटच्या बॉडीत ०.१५ बार अ‍ॅब्सोल्युट दाब असेल, तर पाणी ५४ अंशांना उकळतं. तिथे सिरपचा १ मीटर स्तंभ असेल, तर तळाशी आणखी ०.१२ बार पडतो आणि उकळबिंदू ६७ अंशांवर जातो. प्रत्यक्षात बुडबुड्यांमुळे स्तंभ हलका असतो, म्हणून तोटा याहून कमी होतो, तरी काही अंश जातातच. फॉलिंग फिल्ममध्ये स्तंभच नसल्याने हा तोटा शून्य. त्यामुळे स्टीम आणि रस यांच्यात ६-७ अंशांचा फरक असला तरी बॉडी चालते. तेवढ्याच एक्झॉस्टवर (टर्बाइनमधून आलेल्या वाफेवर) जास्त इफेक्ट (आटवण्याचे टप्पे) बसवता येतात, व्हेपर ब्लीडिंग (इतर कामांसाठी व्हेपर काढून घेणं) वाढवता येतं आणि वाचलेली बगॅस सहवीजनिर्मितीकडे वळवता येते.

दुसरं कारण वेळ. थराचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १ मी. असल्याने १० मीटरची ट्यूब रस दहाएक सेकंदांत पार करतो. गरम भिंतीशी संबंध इतका थोडा, म्हणून इन्व्हर्शन (साखरेचं विघटन) आणि रंगवाढ कमी. मात्र तळाच्या संपमध्ये (रस साठतो त्या जागेत) लेव्हल निष्कारण वर ठेवली, तर ट्यूबमध्ये वाचवलेला वेळ तिथे जातो.

ट्यूब ओली राहायला किती रस लागतो?

याला वेटिंग रेट म्हणतात: परिघाच्या दर सेंटिमीटरमागे ताशी किती लिटर. उसाच्या रसासाठी डिझाइनमध्ये साधारण १० ते २० हा पट्टा धरतात. आपल्या उदाहरणात १५ धरू.

१३.४ × १५ = ताशी सुमारे २०० लिटर दर ट्यूबला. २,२४० ट्यूबना मिळून ताशी ४५० घनमीटर. रोज ५,००० टन गाळप असलेल्या कारखान्यात क्लिअर ज्यूस (स्वच्छ केलेला रस) ताशी २१०-२२० घनमीटरच येतो. उरलेले २३० घनमीटर रिसर्क्युलेशन पंपाने तळातून पुन्हा वर न्यावे लागतात.

हा हिशेब ट्यूबच्या तळाला पुरतो की नाही हेही पाहा. बाष्पीभवन ताशी चौ. मीटरला २० किलो असेल, तर एका ट्यूबमधून ताशी २७ लिटर उडतात. वर २०० मिळाले तरी तळाशी १७३ च उरतात, म्हणजे १३ चा वेटिंग रेट. वरच्या आकड्यावर खूश होऊन पंप छोटा घेतला की पहिला फटका तळाच्या दोन-तीन मीटरना बसतो.

फिल्म फाटते म्हणजे काय होतं?

तेलकट ताटावर पाणी ओतलं की ते पसरत नाही, ओघळ धरतं. भिंतीला पुरेसा रस नसला की तिथेही तसेच ओघळ होतात आणि दोन ओघळांच्या मध्ये भिंत कोरडी पडते. याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत आणि ती बहुधा एकत्र येतात.

प्रवाह कमी, हे उघड कारण. दुसरं पृष्ठताणाचं. द्रव तापला की पृष्ठताण घटतो. रस उकळबिंदूपेक्षा थंड आला असेल तर वरच्या भागात तो नुसता तापत असतो. तिथे जो पदर पातळ, त्याचं पृष्ठ आधी तापतं, तिथला ताण कमी होतो आणि शेजारचा जाड, थंड भाग रस आपल्याकडे ओढून घेतो. पातळ जागा आणखी पातळ होते. तिसरं कारण जास्त तापफरक: भिंतीलगत बुडबुडे धरायला लागले की ते फुटताना थराला भोक पाडतात आणि थेंब व्हेपरमध्ये उडवतात. चौथं, भिंत स्वच्छ नसणं.

कोरड्या जागेच्या कडेला रस आटत जातो, ब्रिक्स चढतं, साखर करपते आणि तो काळा खडबडीत डाग पुढच्या रसाला अडवतो. गुऱ्हाळात काहिलीच्या कडेला, जिथे रसाचा नुसता ओलावा असतो, तिथेच आधी करपतं; मधला उकळता रस करपत नाही. इथे ट्यूब बाहेरून दिसत नाही, एवढाच फरक.

सगळा रस मिळूनही काही ट्यूब कोरड्या का राहतात?

कारण एकूण प्रवाह आणि दर ट्यूबचा प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वाधिक बिघाड इथेच असतो, म्हणून जरा तपशिलात.

रस आधी वरच्या ट्रेमध्ये येतो आणि भोकांतून खाली पडतो. ही भोकं ट्यूबच्या तोंडावर नसतात. ती ट्यूब-ट्यूबमधल्या प्लेटवर येतील अशी पाडलेली असतात. रस ट्यूब प्लेटवर साठतो आणि तिथून ट्यूबच्या काठावरून चहूबाजूंनी आत ओसंडतो. ताशी २०० लिटर रस १३.४ सेमी काठावरून ओसंडायला काठावर फक्त ४ मिमीच्या आसपास उंची लागते. ओसंडणारा प्रवाह उंचीच्या दीड घाताप्रमाणे बदलतो. म्हणजे एखादी ट्यूब शेजारणींपेक्षा १ मिमी वर राहिली, तर तिला सुमारे ३५ टक्के रस कमी मिळतो. २ मिमी वर राहिली, तर ६५ टक्के कमी.

हा हिशेब एकदा पटला की पुढच्या गोष्टींना किरकोळ कोणी म्हणणार नाही:

– ट्यूब एक्स्पान्ड केल्यावर (टोकं फुगवून प्लेटमध्ये घट्ट बसवल्यावर) सगळी टोकं एका पातळीत घासून घ्यावीत. मधली एखादी ट्यूब बदलली की हे हमखास विसरतात.
– ट्यूब प्लेटची लेव्हल पाण्याच्या नळीने तपासावी. हातभर स्पिरिट लेव्हल एवढ्या व्यासाच्या प्लेटला पुरत नाही.
– फीडलाइनवर गाळणी हवीच. बगॅसिलो (चोथ्याचा बारीक भुसा) आणि सुटलेल्या स्केलचे तुकडे ट्रेच्या भोकांत अडकतात.
– ट्रेचे बोल्ट सैल असतील, तर ट्रे एका अंगाला कलतो.

सीझनआधी हे तपासायचं कसं?

स्टीम आणि व्हेपरच्या लाइन ब्लँक करा, परवाना आणि बाहेर माणूस ठेवूनच आत उतरा. रिसर्क्युलेशन पंपाने साधं पाणी नेहमीच्या प्रवाहाने फिरवा. खालच्या मॅनहोलमधून बॅटरी मारून पाहिलं की बिनधारेच्या ट्यूब लगेच दिसतात. त्यांना वरून खडूने खुणा करा. मग नुसत्या नजरेवर थांबू नका. मध्यभाग, कडा आणि चारही दिशा धरून वीस-पंचवीस ट्यूब निवडा आणि दर ट्यूबखाली मापाचं भांडं ३० सेकंद धरा. २०० लिटरच्या हिशेबाने १.७ लिटरच्या आसपास पाणी यायला हवं. काही ट्यूबमध्ये १ लिटरही येत नसेल, तर ट्रे उघडा. संप रिकामा होऊन पंप हवा ओढणार नाही, याकडे एकाने लक्ष ठेवावं.

रस किती गरम करून द्यावा?

त्या बॉडीच्या उकळबिंदूच्या जवळपास. दोन-चार अंश कमी असला तर ट्यूबचा वरचा थोडा भाग तापवण्यात जातो, एवढंच. पण दाबाखाली बराच जास्त तापवलेला रस आला, तर तो ट्रेमध्येच फ्लॅश होतो (त्यातून एकदम वाफ सुटते), उसळतो आणि वाटप बिघडतं. फ्लॅश होणारा रस द्यायचाच असेल, तर ट्रेआधी व्हेपर सुटायला जागा हवी.

मग रिसर्क्युलेशन भरपूर ठेवलं की काम झालं?

नाही. परत फिरणारा रस आधीच घट्ट झालेला असतो, त्यामुळे ट्यूबच्या तोंडाशीच ब्रिक्स वाढतं. व्हिस्कॉसिटी वाढते, उकळबिंदू चढतो, रस बॉडीत जास्त वेळ राहतो, रंग वाढतो आणि पंपाची वीज तर जातेच. पहिल्या बॉडीत याचा त्रास कमी, सिरपच्या बॉडीत जास्त. गाळप अर्ध्यावर आलं की मात्र रिसर्क्युलेशन वाढवावंच लागतं. फीड घटलं म्हणून वरचा प्रवाह घटू देणं चूक. ऑटोमध्ये सेट करायचा तो वरच्या ट्रेकडे जाणारा एकूण प्रवाह.

शेवटच्या बॉडीत फॉलिंग फिल्म बसवायला लोक बिचकतात, ते का?

व्हेपरच्या वेगामुळे आणि सिरपच्या घट्टपणामुळे. तीच ट्यूब, तेच २० किलोचं बाष्पीभवन धरा. १.५ बार अ‍ॅब्सोल्युटला व्हेपर ट्यूबच्या तळाशी सेकंदाला ६ मीटरने बाहेर पडतं. ०.१५ बारला त्याच वजनाचं व्हेपर जवळजवळ नऊपट जागा मागतं, म्हणून वेग ५० मीटरच्या पुढे जातो.

हा वेग खालच्या दिशेने असल्याने थराला पुढे ढकलतो आणि पातळ करतो. उष्णतेच्या दृष्टीने हे फायद्याचं आहे. पण लाटांचे शेंडे तुटून थेंब होतात, ट्यूबमध्ये दाबाची घट वाढते, आणि ती घट तापफरकातून वजा होते. त्यात दर ट्यूबचा प्रवाह राखण्याइतका रसही शेवटच्या बॉडीत उरलेला नसतो: १५ ब्रिक्सचे १०० टन ६० ब्रिक्सवर आणले की ७५ टन पाणी उडालेलं असतं. आमच्या मते शेवटी ट्यूब आखूड आणि संख्येने कमी ठेवावी किंवा सरळ रॉबर्ट चालू ठेवावी. पहिल्या बॉडीचं डिझाइन जसंच्या तसं उतरवणं सगळ्यात वाईट.

बाहेरच्या बाजूलाही फिल्म असते ना?

असते, कंडेन्सेटची. ती खाली येत जाड होते आणि तिचा अडथळा वाढतो. पण कारखान्यात बहुतेक वेळा मूळ दोष नॉक्सियस गॅसचा (स्टीममधली हवा आणि कंडेन्स न होणारे इतर वायू) असतो. स्टीम कंडेन्स होते, हवा होत नाही. ती ट्यूबभोवती पडदा धरून बसते. संथ स्टीममध्ये वजनाने अर्धा टक्का हवा असली तरी कंडेन्सेशन सुमारे निम्म्यावर येऊ शकतं. नॉक्सियसचा व्हॉल्व्ह ‘स्टीम वाया जाते’ म्हणून पूर्ण बंद करणं म्हणजे पैसे वाचवता वाचवता बॉडी बंद पाडणं. दोन-चार टप्प्यांनी उघडून पाहा. कॅलेंड्रियाचा (ट्यूबभोवतीच्या स्टीमच्या कोठ्याचा) दाब न बदलता बाष्पीभवन वाढलं, तर आत गॅस साठत होता.

एक्झॉस्ट सुपरहीट (त्या दाबाच्या उकळबिंदूपेक्षा जास्त तापलेली) येत असेल, तर ती थंड करणारा डिसुपरहीटर नीट ठेवा. सुपरहीटने उष्णता फार थोडी मिळते, पण वरच्या टोकाला भिंत गरजेपेक्षा तापते.

स्केलने किती फरक पडतो?

स्वच्छ बॉडीचा यू (उष्णता पार होण्याचा गुणांक) २,५०० वॉट प्रति चौ. मी. प्रति अंश असेल, तर एकूण अडथळा ०.०००४. त्यात अर्धा मिमी स्केल आणि तिची उष्णतावाहकता १ धरली, तर ०.०००५ ची भर पडते. नवा यू १,१०० च्या आसपास. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरने निम्म्याहून जास्त काम गेलं. याउलट १.२ मिमी स्टेनलेस भिंतीचा अडथळा जेमतेम ०.००००७५ असतो, म्हणून ट्यूबच्या धातूवरची चर्चा बरेचदा वाया जाते.

महाराष्ट्रात प्लँटेशन व्हाइटसाठी (कारखान्यात थेट बनणाऱ्या पांढऱ्या साखरेसाठी) डबल सल्फिटेशन (सल्फर डायऑक्साइडची दोनदा प्रक्रिया) सर्रास आहे. त्यामुळे शेवटच्या बॉड्यांत कॅल्शियम सल्फाइट-सल्फेट आणि सिलिका जास्त, तर पहिल्या बॉड्यांत फॉस्फेट आणि सेंद्रिय मळ जास्त बसतो.

यू रोज कसा काढायचा?

बाष्पीभवन (किलो/सेकंद) × सुप्त उष्णता ÷ (पृष्ठ × तापफरक). ताशी ६० टन बाष्पीभवन, २,२३० किलोज्यूल सुप्त उष्णता, ३,००० चौ. मी., ७ अंश फरक: उत्तर सुमारे १,७७०. तापफरकात रसाचा उकळबिंदू घ्या, नुसतं व्हेपरचं तापमान नाही. ७ अंशांत १ अंशाची चूक म्हणजे उत्तरात १४ टक्के चूक, म्हणून थर्मामीटर एकमेकांशी ताडून घ्या.

यू हळूहळू उतरत असेल तर स्केल. एका शिफ्टमध्ये घसरला तर वाटप, पंप किंवा नॉक्सियस.

सोडा फिरवूनही काही ट्यूब काळ्याच राहतात. सोडा कमी पडतो का?

बहुधा नाही. सफाईचा कॉस्टिक सोडाही त्याच ट्रेमधून त्याच ट्यूबमध्ये उतरतो. रसाला जी ट्यूब कोरडी राहिली ती सोड्यालाही कोरडीच राहणार. आधी ट्रे साफ करा, अडकलेल्या ट्यूब वॉटर जेटने मोकळ्या करा, मग सोडा फिरवा. रॉबर्टमध्ये बॉडी सोड्याने भरून उकळता येते, तशी सोय इथे नाही. स्टेनलेस ट्यूबना हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड लावू नका. क्लोराइडने बारीक खड्डे पडतात.

पंप ट्रिप झाला तर किती वेळ मिळतो?

दहा-पंधरा सेकंद. त्यानंतर भिंती कोरड्या पडतात आणि बाहेर स्टीम असतेच. म्हणून पंप बंद पडताच स्टीम व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हावा आणि वरच्या टाकीतलं गरम पाणी पंपाशिवाय, नुसत्या उंचीच्या जोरावर ट्रेवर यावं. राखीव पंप हवा, पण त्यावर भिस्त नको. वीज गेली की दोन्ही एकदम बंद पडतात. हा इंटरलॉक कुणी ‘तात्पुरता’ बायपास केलेला नाही ना, हे सीझनमध्ये अधूनमधून पाहावं.

सुरू करताना आधी पाणी फिरवा, मग व्हॅक्यूम, मग हळू स्टीम, शेवटी रस. बंद करताना आधी स्टीम.

कंडेन्सेटमध्ये साखर लागली, तर फिल्मचा संबंध असतो का?

असू शकतो. तापफरक वाढवल्यानंतर लागली असेल तर थेंब उडत असतील. सेव्ह-ऑल (व्हेपरमधले थेंब अडवणारं साधन) आणि संपची लेव्हल पाहा. परीक्षा नेहमीचीच: थंड केलेल्या नमुन्यात अल्फा नॅप्थॉलचे दोन-तीन थेंब, मग परीक्षानळी तिरकी धरून कडेने सावकाश तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिड. सीमेवर जांभळी कडी आली की ते कंडेन्सेट बॉयलरकडे पाठवू नका. ही साखर पुढच्या बॉडीच्या कॅलेंड्रियातून येणाऱ्या कंडेन्सेटमध्ये दिसते, म्हणून दोष एक बॉडी मागे शोधायचा. ट्यूब गळती असेल तर मात्र त्याच बॉडीत, आणि तीही बहुधा रसाचा दाब स्टीमपेक्षा वाढतो तेव्हा, म्हणजे बंद-चालू करताना.